वेल्सच्या एका दरीत आठवडाभर : ब्रेकनच्या डोंगरांत कॉटेज घेऊन राहायचं असेल तर

ब्रिटनमधल्या मराठी घरांत वेल्सच्या सुट्टीची तयारी बहुतेक वेळा यादीपासून सुरू होते. स्नोडन करायचं, कार्नार्व्हनचा किल्ला करायचा, पेम्ब्रोकशरचा समुद्र करायचा, परतताना कार्डिफ. नकाशावर वेल्स लहान दिसतं. पण मधे डोंगर आहेत आणि उत्तर-दक्षिण जोडणारा मोटरवे नाही, त्यामुळे उत्तर किनाऱ्यावरून कार्डिफला यायला चार-साडेचार तास सहज जातात. अशा यादीने गेलेली माणसं वेल्स पाहतात ते गाडीच्या काचेतून.

माझं सांगणं वेगळं आहे आणि ते मी आग्रहाने सांगते. एक दरी निवडा. तिथे एकच कॉटेज आठवड्यासाठी घ्या. लांबचे प्रवास दोनच ठेवा आणि बाकीचे दिवस घरापासून अर्ध्या तासाच्या आत काढा. खेड्यातल्या घरात राहण्याचे पैसे आपण त्या खेड्यासाठीच मोजलेले असतात.

इथे मी एकाच भागाबद्दल लिहिते आहे. दक्षिण वेल्समधलं बान्नाय ब्रुखायनिओग राष्ट्रीय उद्यान, म्हणजे २०२३ पर्यंत बहुतेकांना ब्रेकन बीकन्स या नावाने माहीत असलेला डोंगराळ मुलूख. १९५७ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या प्रदेशाचं क्षेत्रफळ साधारण १,३५० चौरस किलोमीटर आहे. आत गावं आहेत, शेतं आहेत, कालवा आहे, आणि माणसांपेक्षा मेंढ्या खूप जास्त आहेत.

घर कुठे, आणि कधी जायचं

ब्रेकन, क्रिकहाऊल आणि टॅलगार्थ या तीन गावांच्या त्रिकोणात घर शोधा. इथून उंच डोंगर, धबधबे, कालवा, तळं आणि हे-ऑन-वाय नावाचं पुस्तकांच्या दुकानांचं गाव असं सगळं टप्प्यात येतं. बर्मिंगहॅमहून दोन-अडीच तास, लंडनहून साडेतीन-चार, कार्डिफहून सव्वा तास. लंडनकडून येताना सेव्हर्न नदीच्या पुलावर २०१८ च्या डिसेंबरपासून टोल नाही.

गाडी नसेल तरी जाता येतं, पण बेत घट्ट हवा. ब्रेकनला रेल्वे १९६२ पासून नाही. ॲबरगव्हेनीला रेल्वेने उतरून पुढे बस, किंवा कार्डिफहून टी-४ बस थेट ब्रेकनला, हेरफर्डहून हे-ऑन-वायमार्गे टी-१४. रविवारी बस फार कमी असतात. गाडी नसणाऱ्यांनी आडवळणाचं शेतघर न घेता गावातच घर घ्यावं.

काळ म्हणाल तर एप्रिलअखेर ते मध्य जून आणि संपूर्ण सप्टेंबर. मे महिन्यात झाडीखाली ब्लूबेलची निळी चादर असते, दिवस मोठा असतो, शाळा चालू असतात म्हणून भाडंही आवाक्यात राहतं. ऑगस्टमध्ये डोंगरावर हेदर या रानझुडपाच्या फुलांचा जांभळा रंग चढतो, पण गर्दी आणि भाडं दोन्ही कळसाला. डिसेंबरात घर स्वस्त मिळतं, मात्र चार वाजता अंधार पडतो. शेकोटीशेजारी बसून वाचायचं असेल तरच तेव्हा जा. मेअखेरीस हे-ऑन-वायचा साहित्य महोत्सव असतो. त्या दिवसांत आसपासची घरं वर्षभर आधीच जातात.

पावसाची खात्री कोणत्याच महिन्यात देता येत नाही. महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, इथला बारा महिने थोडा थोडा येत राहतो. म्हणून कोणत्या वारी कुठे जायचं ते घरून ठरवून निघू नका. ठिकाणं ठरवा, वार ठरवू नका. रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा अंदाज बघायचा, कोरडा दिवस डोंगराला द्यायचा, ओला दिवस कोळशाच्या जुन्या खाणीला किंवा पुस्तकांना.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

शाळांच्या सुट्टीत बहुतेक कॉटेज शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. इतर वेळी तीन-चार रात्रीही देतात. फोटोंमध्ये सगळीच घरं सुंदर दिसतात. खरी माहिती प्रश्न विचारल्यावर मिळते.

आई-बाबा भारतातून आलेले असतील तर पहिला प्रश्न जिन्याचा. ही दगडी घरं शे-दोनशे वर्षांची असतात. जिने उभे आणि अरुंद, दारांच्या चौकटी बुटक्या, आणि न्हाणीघर अनेकदा फक्त वरच्या मजल्यावर. झोपायची एक खोली आणि संडास खालीच आहे का, हे स्पष्ट विचारून घ्या. दुसरा प्रश्न घरापर्यंतच्या वाटेचा. शेवटचा अर्धा मैल कच्चा असेल तर बुटक्या गाडीचा तळ घासतो. तिसरा प्रश्न घर गरम ठेवण्याचा: तेलावर चालणारं हीटिंग भाड्यात आहे की वेगळं, लाकडाच्या शेगडीसाठी ओंडके किती मिळतात. मे महिन्यातही रात्री शेगडी लागते.

पाणी कुठलं, हेही विचारा. काही शेतघरांना नळयोजनेचं पाणी नसून स्वतःची बोअर किंवा झरा असतो. गाळणी आणि तपासणी असते, पण लहान बाळ असेल तर उकळून द्या. मुलं लहान असतील तर अंगणाला कुंपण आहे का, शेजारून ओढा वाहतो का, तेही विचारा. आणि माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न: दारातून बाहेर पडून, गाडी न काढता, चालायला पायवाट आहे का? मालकाने या प्रश्नाला भरभरून उत्तर दिलं तर घर घ्या.

स्वयंपाकघर

मराठी कुटुंबाचं कॉटेजमधलं सुख निम्मं इथे ठरतं, म्हणून थोडं सविस्तर.

चूल कोणती आहे ते आधी कळायला हवं. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालणार नाही. स्टीलचा, इंडक्शनला चालणारा कुकर न्या. काचेच्या सपाट शेगडीवर बिडाचा जड तवा ओढला तर ओरखडे पडतात आणि भरपाई द्यावी लागते. सपाट बुडाचा हलका तवा न्या, आणि फुलका आचेवर फुगवण्याचा विचार सोडून तव्यावरच्या पोळीवर समाधान माना. काही जुन्या घरांत आगा किंवा रेबर्न असते. ही लोखंडी चूल दिवसभर तापलेलीच असते, तिला बटण फिरवून आच कमी-जास्त करता येत नाही. एक भट्टी कडक, एक मंद. मंद भट्टीत रात्री डाळ किंवा राजमा ठेवून द्या. सकाळी मऊसूत शिजलेला मिळतो. राजमा मात्र आधी भिजवून दहा मिनिटं खळखळून उकळायचा, मगच मंद आचेवर. कच्चट राजमा पोटाला बाधतो.

फोडणीचा धूर बुटक्या छताखाली कोंडतो आणि धुराचा अलार्म लगेच वाजतो. खिडकी आधी उघडा, पंखा लावा, स्वयंपाकघराचं दार लोटून घ्या. अलार्मची बॅटरी काढून ठेवायची नाही, लाकडाची शेगडी असलेल्या घरात तर कधीच नाही. मासे तळणं आणि मिरच्या भाजणं मी या आठवड्यात बाजूला ठेवते, कारण वास पडद्यांत आणि तुळयांत मुरतो आणि पुढच्या पाहुण्याला त्रास होतो.

खेड्यातल्या घराचं सांडपाणी बहुधा सेप्टिक टाकीत जातं. तळणीचं तेल, तूप, उरलेली आमटी मोरीत ओतू नका. तेल कागदाने टिपून कचऱ्यात टाका. ओले वाइप्स आणि सॅनिटरी पॅड संडासात टाकायचे नाहीत. टाकी तुंबली तर ती उपसायला येणारा माणूस त्याच दिवशी मिळेलच असं नाही.

घरून न्यायचं सामान थोडकं आणि नेमकं ठेवा: थालीपिठाची भाजणी, मेतकूट, बेसन, मुगाची डाळ, तांदूळ, गोडा मसाला, लसणीची चटणी. डोंगरावरून भिजून आल्यावर वीस मिनिटांत पिठलं-भात होतो, आणि त्या वेळी त्याहून चांगलं काही नसतं. भाजी, दूध, अंडी तिथेच घ्या. मोठी सुपरमार्केटं रविवारी फक्त सहा तास उघडी असतात, म्हणून शनिवारी पोहोचत असाल तर ॲबरगव्हेनीला किंवा ब्रेकनला थांबून खरेदी उरका. शेतांच्या फाटकांशी अंड्यांच्या पेट्या ठेवलेल्या दिसतात, शेजारी पैशांचा डबा. त्यासाठी सुटी नाणी जवळ ठेवा.

तिथलं खाणंही चाखायलाच हवं. मनुका घातलेले, तव्यावर भाजलेले वेल्श केक, आणि चहात भिजवलेल्या सुक्या मेव्याचा बारा ब्रिथ हा पाव कुठल्याही बेकरीत मिळतो. शाकाहारी असाल तर ग्लॅमॉर्गन सॉसेज बिनधास्त मागवा. नाव सॉसेज असलं तरी आत चीज, लीक (कांद्याच्या जातीची भाजी) आणि पावाचा चुरा असतो. कावल म्हणजे मटण आणि कंदांचं पातळ कालवण, मांसाहारींनी थंडीत नक्की घ्यावं. लेव्हरब्रेड हे समुद्री शेवाळाचं, पण अनेकदा बेकनच्या चरबीत परतलेलं असतं, म्हणून विचारून घ्या. खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी दोनला बंद होतं, संध्याकाळी सहाला उघडतं आणि साडेआठनंतर ऑर्डर घेईलच असं नाही. आपल्या जेवायच्या वेळेला गेलात तर उपाशी परताल.

पोहोचायचा दिवस

घर साधारण चार वाजता ताब्यात मिळतं. उजेड असताना पोहोचा. खेड्यातला एक पोस्टकोड मैलभर पसरलेल्या चार शेतांना मिळून असतो, त्यामुळे नकाशाचं ॲप तुम्हाला भलत्याच फाटकाशी नेऊन सोडतं. मालकाने पाठवलेले लेखी रस्ते छापून ठेवा आणि नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा. दरीत शिरलं की सिग्नल जातो.

वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर १७ सप्टेंबर २०२३ पासून वेगमर्यादा ताशी २० मैल आहे. इंग्लंडमधून येणाऱ्यांना हे पटकन लक्षात राहत नाही आणि दंडाचं पत्र घरी येतं. रस्त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘ARAF’ (आराव्ह, वेल्शमध्ये ‘सावकाश’) दिसलं की पुढे वळण किंवा उतार आहे, वेग कमी करा.

शेवटचे दोन-चार मैल एकच गाडी मावेल अशा गल्लीचे असतात, दोन्ही बाजूंना उंच झुडपी कुंपण. समोरून गाडी आली तर जिच्या मागे रुंद जागा जवळ असेल ती मागे घ्यायची. उलटी गाडी घेण्याचा सराव नसेल तर सुट्टीपूर्वी करून घ्या, हा माझा मनापासूनचा सल्ला. ट्रॅक्टरला आणि ट्रेलरला नेहमी वाट द्या. वाट मिळाली की हात वर करायचा. तिथे सगळे करतात, आणि ते चुकवणं उद्धटपणा ठरतो.

पहिले दोन दिवस गाडी काढू नका

सकाळी चहा झाला की पायात बूट घाला आणि दारातून निघा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा कागदी नकाशा विकत घ्या. पूर्व भागासाठी ओएल-१३, पश्चिमेसाठी ओएल-१२. त्यावर हिरव्या तुटक रेषांनी सार्वजनिक पायवाटा दाखवलेल्या असतात. त्या खासगी शेतांतून जातात आणि तुम्हाला तिथून चालण्याचा कायदेशीर हक्क असतो. जागेवर खांबांना पिवळे बाण असतात ते चालणाऱ्यांसाठी, निळे बाण घोडा आणि सायकललाही परवानगी देणारे.

हा हक्क ज्या शिस्तीवर टिकून आहे ती मुलांना पहिल्याच दिवशी शिकवा. फाटक जसं होतं तसंच सोडायचं: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. गवत कापणीसाठी राखलेलं असेल तर एका रांगेत, वाटेवरूनच. वासरांसह गाई असतील तर त्यांच्या मधून जायचं नाही, लांबून वळसा घालायचा. गाय मारकी नसली तरी वासराजवळ ती वेगळी असते. मार्च ते मे हा कोकरांचा हंगाम. पाहायला फार गोड, पण हात लावायचा नाही. घरात कुणी गरोदर असेल तर तिने विणाऱ्या मेंढ्या आणि नवजात कोकरं यांच्यापासून दूरच राहावं. त्यांच्यापासून गर्भाला अपाय करणारे संसर्ग होऊ शकतात, आणि आरोग्य खातं दरवर्षी तशी सूचना देतं.

नेच्यांच्या दाट झुडपांतून आल्यावर रात्री गुडघ्यांमागे, काखेत, केसांच्या कडेला गोचीड चिकटली आहे का पाहा. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायची. पुढच्या काही आठवड्यांत गोल पसरणारा लालसर चट्टा आला तर डॉक्टरांना दाखवा आणि वेल्समध्ये डोंगरात होतो हे सांगा.

उन्हाळ्यात चढावरच्या झुडपांत बारीक निळी-काळी फळं मिळतात, तिथे त्यांना विनबेरी म्हणतात. ऑगस्टअखेरीपासून कुंपणांवर ब्लॅकबेरी लगडतात. मुलांच्या हातात डबा द्या. दोन तास कुठे गेले ते त्यांना कळत नाही.

पेन-अ-व्हान

८८६ मीटर उंचीचं हे शिखर दक्षिण ब्रिटनमधलं सर्वांत उंच. सर्वांत रुळलेली वाट पाँट-अर-डाव्हच्या वाहनतळापासून निघते. जाऊन-येऊन साधारण साडेसहा किलोमीटर, साडेचारशे मीटरच्या आसपास चढ. वाट दगडांनी बांधलेली आहे, वाट चुकण्याची भीती चांगल्या हवेत नाही. सह्याद्रीत ट्रेक केलेल्या माणसाला चढ अवघड वाटणार नाही. आव्हान आहे ते हवेचं. खाली ऊन आणि वर ढग, वारा, बोचरी थंडी असं अर्ध्या तासात होतं. शंभर मीटरला साधारण अर्धा ते एक अंश तापमान उतरतं, आणि वाऱ्याने ते त्याहून कमी भासतं.

म्हणून सकाळी साडेआठच्या आत वाहनतळावर पोहोचा. दहानंतर जागा मिळत नाही आणि रस्त्याकडेला गाड्या लावणाऱ्यांमुळे मुख्य रस्ता तुंबतो. जीन्स नको, ती भिजली की वाळत नाही. पाणी न झिरपणारं जाकीट, एक जादा लोकरी थर, टोपी, हातमोजे हे जूनमध्येही पिशवीत असू द्या. मेट ऑफिसचा, म्हणजे ब्रिटनच्या हवामान खात्याचा, डोंगरांसाठीचा वेगळा अंदाज असतो, तो वाचा. गावासाठीचा अंदाज शिखराला लागू पडत नाही.

वाट आधी खिंडीत नेते, तिथून कॉर्न डी हे ८७३ मीटरचं शेजारचं शिखर, मग थोडं उतरून पेन-अ-व्हान. उत्तरेची बाजू सरळ तुटलेली आहे. मुलांचा हात धरा, आणि कड्याच्या टोकावरचा फोटो टाळा. वाऱ्याचा एक झोत पुरतो.

जवळच्या कड्यावर एक छोटा दगडी स्तंभ आहे. ऑगस्ट १९०० मध्ये टॉमी जोन्स नावाचा पाच वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर नातेवाइकांच्या शेतावर निघाला असताना अंधारात चुकला. आठवडे शोध चालला आणि शेवटी त्याचा देह इथे, दरीपासून खूप वर, सापडला. त्या ठिकाणी उभं राहिल्यावर पोर किती चढून आलं असेल या विचाराने गलबलून येतं. डोंगरात मूल नजरेआड होऊ द्यायचं नाही, हे त्यानंतर कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

कुणाला लागलं किंवा वाट हरवली तर ९९९ ला फोन करून पोलीस मागायचे आणि पोलिसांना माउंटन रेस्क्यू पाठवायला सांगायचं. ही पथकं स्वयंसेवकांची असतात. फोन लागत नसेल तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात असू द्या.

धबधबे

अस्त्रादव्हेल्टे गावाजवळ मेल्टे आणि हेप्स्टे नद्यांवर चार धबधब्यांची वाट आहे. पाऊस पडून गेल्यानंतरचा दिवस यासाठी सर्वोत्तम. पूर्ण फेरी सुमारे आठ किलोमीटरची, चार तास धरा. यातला स्गूड-अर-आयरा हा पाण्याच्या पडद्यामागून चालत जाता येणारा धबधबा. वरचा थर कठीण वालुकाश्माचा, खालचा शेल या मऊ खडकाचा. मऊ थर झिजत गेला आणि वरचा पुढे आलेला राहिला, म्हणून मागे वाट तयार झाली. शेतकरी पूर्वी मेंढरं याच वाटेने पलीकडे नेत असं सांगतात.

दगड अतिशय निसरडे असतात. चांगल्या पकडीचे बूट हवेतच, आणि पलीकडे गेल्यावर कपडे चिंब झालेले असतील हे धरून चाला. डोहात उड्या मारणारी मुलं दिसतील. आपण मारू नये. पाणी उन्हाळ्यातही इतकं गार असतं की श्वास अडकतो, आणि तळाचे खडक वरून दिसत नाहीत. ज्यांना चढ-उतार झेपत नाही त्यांनी पाँटनेथव्हेखानहून स्गूड ग्वलाडिसपर्यंतची नदीकाठची सोपी वाट घ्यावी.

आई-बाबांसाठी: कालवा आणि तळं

मॉन्मथशर-ब्रेकन कालवा डोंगराच्या कुशीतून छप्पन्न किलोमीटर जातो. काठाची वाट जवळपास सपाट, झाडांच्या सावलीतली. टॅलीबाँटपासून निघा, हवं तेवढं चाला, परत फिरा. ज्येष्ठांना याहून सुखाचं चालणं या भागात नाही. ब्रेकनमध्ये काही तासांसाठी छोटी होडी भाड्याने मिळते आणि ती आपणच चालवायची. वेगमर्यादा ताशी चार मैल.

लांगोर्स तळ्यात काठाजवळ झाडीचा एक गोल पुंजका दिसतो. ते माणसाने बांधलेलं बेट आहे. सन ८९० च्या सुमारास ब्रुखायनिओग या इथल्या जुन्या राज्याच्या राजघराण्याने दगड आणि ओकच्या फळ्या रचून ते उभं केलं, आणि वेल्समध्ये असं बेट दुसरं सापडलेलं नाही. ९१६ साली मर्सिया या मध्य इंग्लंडमधल्या तेव्हाच्या राज्याची सत्ताधारी एथेलफ्लेड हिच्या सैन्याने ते उद्ध्वस्त करून राजाची पत्नी आणि आणखी तेहतीस जणांना कैद करून नेलं. बाकावर बसून नातवंडांना सांगायला ही गोष्ट फार चांगली आहे.

हे-ऑन-वाय

पावसाच्या अर्ध्या दिवसासाठी हे-ऑन-वाय राखून ठेवा, आणि गुरुवार जमला तर उत्तम, कारण त्या दिवशी चौकात बाजार भरतो. दोन हजारांच्या आतल्या वस्तीचं हे गाव जुन्या पुस्तकांच्या दुकानांवर जगतं. रिचर्ड बूथ यांनी साठच्या दशकात इथे दुकान थाटलं, मग आणखी दुकानं आली. १ एप्रिल १९७७ रोजी त्यांनी गाव स्वतंत्र राज्य आणि आपण त्याचा राजा असं जाहीर केलं आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत गाव पोहोचलं. साहित्य महोत्सव १९८८ पासून भरतो.

मराठी माणसाचं इथे एक नातं आहे. पाचगणी-महाबळेश्वरजवळच्या भिलार गावात मे २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘पुस्तकांचं गाव’ या प्रकल्पामागची प्रेरणा हे-ऑन-वायची होती. फरकही महत्त्वाचा आहे. हे-ऑन-वाय विक्रीवर उभं आहे. भिलारमध्ये लोकांनी आपल्या घरांत पुस्तकं ठेवली आणि वाचकाला बसायला जागा दिली. भिलार पाहिलेल्या माणसाने हे-ऑन-वाय पाहावं, आणि हे-ऑन-वाय पाहिलेल्याने भिलारला जाऊन यावं, असं मला फार वाटतं.

किल्ल्याच्या आवारात उघड्यावर पुस्तकांची फडताळं आहेत. पुस्तक घ्यायचं, पैसे पेटीत टाकायचे, विक्रेता कुणी नाही. भारताविषयीची जुनी पुस्तकं, गॅझेटियर, वसाहतकाळातली प्रवासवर्णनं दुकानांच्या मागच्या खोल्यांत मिळतात. दुकानदाराला विषय सांगा. ते मनापासून शोधून देतात.

ऊन पडलं तर परतताना गॉस्पेल पासवरून या. ५४९ मीटरवरून जाणारा हा वेल्समधला सर्वांत उंच गाडीरस्ता. अरुंद आहे, सावकाश चालवा. पलीकडे उतरल्यावर लॅन्थनीच्या मठाचे भग्न कमानदार अवशेष आहेत, पाहायला पैसे लागत नाहीत.

दिवसभर पाऊस असेल तर

ब्लायनाव्हनची बिग पिट खाण. १९८० मध्ये कोळसा काढणं थांबलं, १९८३ मध्ये संग्रहालय म्हणून उघडली, आणि हा सगळा औद्योगिक परिसर २००० पासून जागतिक वारसा आहे. लोखंडी पिंजऱ्यातून नव्वद मीटर खाली नेतात, डोक्यावर शिरस्त्राण आणि दिवा. वाट दाखवणारे स्वतः खाणीत काम केलेले असतात. फोन, बॅटरीचं घड्याळ, लायटर वरच ठेवून घेतात, कारण खाणीच्या सुरक्षेचे नियम अजून लागू आहेत. उंची एक मीटरपेक्षा कमी असलेल्या मुलांना खाली नेत नाहीत. खाली गार असतं, स्वेटर घाला. एका ठिकाणी सगळ्यांना दिवे विझवायला सांगतात. लहान मुलं दिवसभर दारं उघडायला त्या अंधारात बसत, हे ऐकताना अंगावर काटा येतो. वेल्सच्या हिरव्या दऱ्यांकडे त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहिलं जातं, म्हणून ही भेट आठवड्याच्या सुरुवातीलाच झाली तर बरं.

एक लांबचा दिवस: एलान

उत्तरेला तासभर गेलं की रेअडर गाव आणि पुढे एलान दरी. १८९३ पासून इथे बांधलेल्या दगडी धरणांचं उद्घाटन १९०४ मध्ये राजा सातवा एडवर्ड याच्या हस्ते झालं. त्यासाठी घरं, शाळा, चर्च पाण्याखाली गेली. हे पाणी ११८ किलोमीटरच्या कालव्यातून आणि नळांतून, पंपाशिवाय, केवळ उतारावर वाहत दीड दिवसात बर्मिंगहॅमला पोहोचतं. बर्मिंगहॅममध्ये राहणाऱ्या मराठी घरांत वरण-भात याच पाण्यात शिजतो. मुलांना ते धरण दाखवायलाच हवं. जोरदार पावसानंतर धरणं भरून वाहतात ते दृश्य मोठं असतं.

रेअडरजवळच्या गिग्रिन फार्मवर दुपारी लाल घारींना मांस टाकतात, उन्हाळ्यात तीनला आणि हिवाळ्यात दोनला. शेकडो घारी झेपावतात. विसाव्या शतकाच्या आरंभी सगळ्या ब्रिटनमध्ये या पक्ष्याच्या मोजक्या जोड्या उरल्या होत्या, त्याही या मध्य वेल्सच्या दऱ्यांत. शेतकऱ्यांनी आणि पक्षिप्रेमींनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची घरटी राखली, म्हणून आज त्या डोक्यावर घिरट्या घालताना दिसतात.

रात्री

२०१३ पासून हे राष्ट्रीय उद्यान आंतरराष्ट्रीय गडद आकाश राखीव क्षेत्र आहे. अमावास्येच्या जवळचा आठवडा निवडलात तर आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. जूनमध्ये मध्यरात्रीही पूर्ण अंधार होत नाही, म्हणून लहान मुलांसाठी सप्टेंबर बरा. घराबाहेरचा दिवा बंद करा, वीस-पंचवीस मिनिटं फोन पाहू नका, डोळे सरावले की मग वर बघा. ऑगस्टच्या १२-१३ तारखेला पर्सिड उल्का पडतात. घोंगडी घेऊन अंगणात आडवे व्हा.

निघताना

घर दहाला सोडायचं असतं. आदल्या रात्री फ्रिज रिकामा करा. शेगडीतली राख गार दिसली तरी आत निखारा असतो. ती प्लॅस्टिकच्या कचरापेटीत टाकू नका, शेगडीतच राहू द्या किंवा पत्र्याच्या बादलीत काढा. कचरा वेगळा करण्याचे वेल्सचे नियम काटेकोर आहेत. उरलेल्या अन्नाचा डबा वेगळा असतो, त्यात भाजीची देठं आणि उरलेला भात टाका. काही फुटलं असेल तर मालकाला स्वतःहून सांगा.

लंडनकडे जाणाऱ्यांनी शनिवारी दुपारी न्यूपोर्टजवळच्या बोगद्यांतली कोंडी टाळायची असेल तर ॲबरगव्हेनी, रॅगलनवरून पुढे जाऊन बोगद्यांच्या पूर्वेला एम-४ मोटरवे गाठावा. मिडलंड्सकडे जाणाऱ्यांना हेरफर्डचा किंवा रॉस-ऑन-वायवरून एम-५० चा रस्ता बरा पडतो. निघण्यापूर्वी पाहुण्यांच्या वहीत घराजवळच्या कोणत्या वाटेला चिखल होता, कुठलं फाटक घट्ट लागतं, अंडी कोणत्या शेतावर चांगली मिळाली हे लिहून ठेवा. संध्याकाळी त्या घरात येणारं कुटुंब सगळ्यांत आधी तेच पान वाचेल.